छतातला विझलेला दिवा : मोटारीतील एका तारेचा इतिहास

१/
समृद्धी महामार्गावरून रात्री शेलूबाजारला उतरलेली जुनी मोटार गावाकडच्या रस्त्यावर एका बांधापाशी थांबते. दार उघडते, पण छतातला दिवा लागत नाही. मागच्या आसनावरचे मूल झोपले आहे की जागे, औषधांची पिशवी कुठे घसरली, काहीच दिसत नाही. दिवा जेमतेम ५ वॅटचा आणि दोष बहुधा एका निसटलेल्या तारेचा. त्या तारेमागे मात्र शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

२/
वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. इथल्या गाड्यांवरची ‘एमएच ३७’ ही खूण त्यानंतरची. इंग्रजी अमलात ‘बासीम’ हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला. जिल्ह्याचे नाव नकाशावरून गेले आणि परत आले. दूरदेशी घडलेली यंत्रे इथल्या हातांनी चालती ठेवण्याची रीत मात्र या सगळ्या काळात टिकून राहिली.

३/
तिचे ठळक उदाहरण कारंजाचे. कापूस वाहण्यासाठी घातलेल्या मूर्तिजापूर–यवतमाळ अरुंद मार्गावर, कारंजामार्गे, ‘शकुंतला’ धावे. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले होते. ते १९९४ पर्यंत कामावर राहिले. इतकी वर्षे इंजिन चालते ते कारखान्याच्या कीर्तीवर नव्हे. रोज उघडून पाहणाऱ्या, झिजलेला भाग बदलणाऱ्या कामगारांच्या जोरावर. मोटारींच्या बाबतीत पुढे हेच घडले.

४/
आरंभीच्या मोटारींना आतला दिवा नव्हता, कारण बहुतेकींना पक्के छतच नव्हते. कार्ल बेंझच्या वाहनाचा पेटंट अर्ज जानेवारी १८८६ चा. पुढची काही दशके मोटारीसमोर तेलाचे किंवा कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होई आणि तो काडीने पेटवावा लागे. बंदिस्त डब्यात असा उघडा जाळ कोण ठेवणार?

५/
वळण आले १९१२ साली. चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेली विजेची स्टार्टर आणि दिव्यांची यंत्रणा कॅडिलॅक मोटारीत बसवली गेली. हँडल मारून इंजिन सुरू करण्याचे कष्ट त्यामुळे संपू लागले. पण आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. इंजिन बंद असतानाही गाडीत वीज साठलेली राहू लागली. थांबलेल्या मोटारीत दिवा लावता येणे ही या बॅटरीची देणगी.

६/
त्यानंतर छत आले. अमेरिकेत १९१९ साली विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी बंदिस्त गाड्या सुमारे १० टक्के होत्या. १९२७ पर्यंत हे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवर गेले. पाऊस आणि धूळ बाहेर राहिली, पण अंधार आत आला. छताच्या मधोमध एक लहान दिवा बसवणे मग क्रमप्राप्तच होते.

७/
या दिव्याची जोडणी समजली की त्याची दुरुस्ती निम्मी झाली. घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात : एक नेणारी, एक परत आणणारी. मोटारीत नेणारी तार तेवढी ओढलेली असते. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. बॅटरीचे ऋण टोक त्या सांगाड्याला जोडलेले असते. गॅरेजच्या भाषेत हा ‘बॉडी अर्थ’. शेकडो फूट तांबे त्यामुळे वाचले.

८/
आता यातली खरी युक्ती. जुन्या पद्धतीच्या बहुतेक गाड्यांत छतातल्या दिव्यापर्यंत वीज सतत हजर असते. दाराच्या चौकटीतले बटण फक्त परतीची वाट उघडते वा मिटते. दार बंद असले की बटण दाबलेले राहते आणि वाट तुटते; दार उघडले की बटण बाहेर येते, तार पत्र्याला टेकते आणि दिवा उजळतो.

९/
बटण परतीच्या बाजूला ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे. चौकटीतली तार वर्षानुवर्षे घासून उघडी पडली आणि पत्र्याला लागली, तरी ठिणगी उडत नाही, फ्यूज जळत नाही. दिवा तेवढा विझेनासा होतो. शिवाय बटणाला एकच तार पुरते. स्वस्त, सुरक्षित आणि साध्या नजरेला कळणारी ही रचना होती. म्हणूनच ती अनेक दशके जवळजवळ तशीच राहिली.

१०/
हे तंत्र भारतात आले ते सुट्या भागांच्या पेट्यांतून. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत जोडणी सुरू केली. १९४२ मध्ये हिंदुस्तान मोटर्स आणि १९४४ मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. १९४७ साली प्रीमियरच्या कुर्ल्यातील कारखान्यातून पहिले वाहन बाहेर पडले.

११/
१९५३ साली केंद्र सरकारने धोरण ठरवले : ज्यांच्याकडे देशातच भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच व्यवसायात राहावे. केवळ जोडणी करणाऱ्या विदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. ग्राहकापुढे मोजकेच पर्याय उरले. फियाट ११०० हीच मोटार १९६४ मध्ये ‘डिलाइट’, १९७२ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने येत राहिली.

१२/
नवी मोटार हाती येण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून असलेली मोटार जपली जाई. या टंचाईचा एक अनपेक्षित लाभ झाला. तीच गाडी, तीच वायरिंग, तोच होल्डर दशकानुदशके समोर येत राहिल्याने तालुक्याच्या गावातल्या कारागिराला ती पाठ झाली. कंपनीचे पुस्तक त्याच्याकडे नसले तरी अडत नसे.

१३/
१९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून देशभर आयटीआय उभ्या राहिल्या आणि मोटार मेकॅनिक, वायरमन हे रीतसर शिकण्याचे व्यवसाय झाले. पण ऑटो इलेक्ट्रिशियनचे मुख्य हत्यार साधेच राहिले : होल्डरमध्ये एक बल्ब, त्याला दोन तारा, एका तारेला चिमटा. हा ‘टेस्ट लॅम्प’. त्याच्या साहाय्याने छतातला मुका दिवा आजही बोलता करता येतो. तो कसा, ते पाहू.

१४/
प्रथम दिव्यावरची कळ पाहावी. तिला बहुधा तीन स्थाने असतात : बंद, दारासोबत, कायम चालू. पुसताना कळ ‘बंद’वर सरकणे हा सर्वांत सामान्य ‘बिघाड’. मग प्लास्टिकचे झाकण हलक्या हाताने काढून बल्ब पाहावा. बहुतेक जुन्या गाड्यांत तो दोन्ही टोकांना टोपी असलेला, नळीसारखा असतो. आतली तार तुटलेली वा काच काळी पडलेली दिसली, तर दोष तिथेच सापडला.

१५/
बल्ब ठीक असेल तर फ्यूज तपासावा. पुष्कळ गाड्यांत घड्याळ किंवा रेडिओची स्मृती याच फ्यूजवर चालते. तीही बंद असेल तर संशय पक्का. फ्यूज त्याच क्षमतेचा घालावा. त्याजागी तारेचा तुकडा किंवा चांदी गुंडाळणे म्हणजे छताच्या कापडामागे आगीला जागा करून देणे होय.

१६/
आता टेस्ट लॅम्प. चिमटा उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला लावावा आणि दुसरे टोक होल्डरच्या दोन्ही पट्ट्यांना आळीपाळीने टेकवावे. एका पट्टीवर लॅम्प पेटला, तर वीज दिव्यापर्यंत येते आहे. तुटली आहे ती परतीची वाट. दोन्हीकडे अंधार असेल, तर येणारी तारच निसटली आहे. शंभराहून अधिक वर्षांच्या रचनेचा निवाडा असा दोन क्षणांत होतो.

१७/
परतीची वाट तुटली असेल तर दारांकडे वळावे. एका दाराने दिवा लागतो आणि दुसऱ्याने नाही, तर दोष त्या दुसऱ्या दाराच्या बटणात. त्याचा एक स्क्रू काढला की बटण तारेसह बाहेर येते. पावसाचे पाणी आणि धूळ यांनी स्क्रूभोवती गंज धरलेला असतो. बारीक पॉलिश पेपरने पत्रा आणि पट्टी चकचकीत केली की पुष्कळदा काम भागते. तार आत पडू नये म्हणून तिला आधीच दोरा बांधून ठेवावा.

१८/
येणारी तार निसटली असेल तर ती बहुधा छताच्या दिव्यामागच्या कपलरमध्ये सैल झालेली आढळते. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी किंवा आधी कुणी झाकण ओढल्याने कपलर अर्धवट सुटतो. तो ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसवावा. तार तुटलीच असेल तर आधी बॅटरीचे ऋण टोक काढावे. मग तार सोलून, पिळून, डाख लावून वर इन्सुलेशन टेप गुंडाळावा. नुसता पीळ हादऱ्यांत टिकत नाही.

१९/
उलटा दोषही असतो : दिवा विझतच नाही. बटण अडकले किंवा तार पत्र्याला लागली की असे होते. १२ व्होल्टवर ५ वॅटचा दिवा सुमारे ०.४ अ‍ॅम्पिअर वीज घेतो. ३५ अ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीला एक रात्र हे ओझे पेलते. तीन दिवस-रात्रींत मात्र तो सुमारे ३० अ‍ॅम्पिअर-तास पिऊन टाकतो. चौथ्या सकाळी गाडी सुरू होत नाही आणि दोष बिचाऱ्या स्टार्टरवर येतो.

२०/
१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली आणि नवे युग सुरू झाले. त्याच दशकात, १९८६ साली, बॉश कंपनीने गाडीतील अनेक उपकरणांना मोजक्या तारांवर परस्परांशी बोलू देणारी ‘कॅन’ पद्धत मांडली. आज अनेक गाड्यांत दाराचे बटण थेट दिव्याला जोडलेले नसते. ते एका संगणक-पेटीला खबर देते आणि ती पेटी दिवा हळूहळू उजळवते, हळूहळू मालवते.

२१/
सोय वाढली, पण कारागिराला दोष वाचण्यासाठी आता कंपनीचे निदान-यंत्र लागू लागले. ते आणि अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळत नाहीत, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. पण प्रश्न अधिकृतपणे नोंदला गेला : विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा अधिकार कोणाचा?

२२/
जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारींबरोबर शेतीची अवजारेही आहेत. वाशीमसारख्या सोयाबीन-कापसाच्या जिल्ह्यात या हक्काचा अर्थ अगदी रोकडा आहे. ऐन हंगामात बंद पडलेले यंत्र गावातच उघडता आले, तर दिवस वाचतो. शहरातून माणूस येण्याची वाट पाहावी लागली, तर पीक वाट पाहत नाही.

२३/
हक्काबरोबर मर्यादाही कळली पाहिजे. नव्या गाड्यांत छताच्या कडेला आणि खांबांत पडद्यासारख्या एअरबॅग असू शकतात. तिथली आच्छादने अंदाजाने ओढू नयेत. संगणक-पेटीशी जोडलेल्या तारांवर टेस्ट लॅम्पऐवजी मल्टिमीटर वापरावा. बल्ब, फ्यूज, कपलर आणि दाराचे बटण इतके घरच्या घरी तपासावे. त्यापुढचे काम जाणकाराकडे सोपवावे.

२४/
३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली. तिच्यासोबत एक पाठ झालेली वायरिंगही काळाआड गेली. पण वीज दिव्यापर्यंत जाते आणि लोखंडी सांगाड्यातून परतते, हे सूत्र तिच्या आधीपासूनचे आहे आणि नंतरही राहिले आहे. शेलूबाजारच्या वाटेवर अंधारात थांबलेल्या मोटारीत कुणी झाकण काढून सैल कपलर नीट बसवतो. दार उघडते. छतातला दिवा लागतो. औषधांची पिशवी आसनाखाली असते आणि मूल शांत झोपलेले असते.