कुलूप, किल्ली आणि मोडीचे कागद

इंग्लंडमधील ब्लेचली पार्क पाहावयास मंडळी एका दिवसाच्या सहलीने जातात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ‘एनिग्मा’ यंत्राचे सांकेतिक संदेश तेथे उलगडले गेले. १९४४ पासून ‘कोलोसस’ हे इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र जर्मनांच्याच ‘लोरेन्झ’ यंत्राचे संदेश उलगडण्याच्या कामी राबले; त्याची पुन्हा उभारलेली प्रतिकृती त्याच आवारातील संगणक-संग्रहालयात आहे. गणित आणि गूढलेखन ही जुळी भावंडे, हे तेथे सहज पटते. परंतु हा धडा घेण्यासाठी आपण सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही.

कलबुर्गीहून सेडमकडे निघाले की कागिणा नदीच्या काठी मळखेड लागते. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. नवव्या शतकात, अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. अनेक वस्तूंतून काही निवडावयाच्या झाल्यास त्याचे प्रकार किती, हे काढण्याची सर्वसाधारण रीत त्यात दिली आहे. संकेत फोडू पाहणाराही प्रथम असाच हिशेब मांडतो : किल्ल्या किती संभवतात?

दुसरा मुक्काम बिदरचा. महमूद गवानचा १४७२ मधील मदरसा आपण सर्वांनी पाहिला आहे. पण त्याच्या अंताची हकीकत येथे आठवावी. फरिश्ता सांगतो की, विरोधकांनी शिक्का सांभाळणाऱ्यास फितवून कोऱ्या कागदावर गवानची मोहोर उमटवून घेतली आणि वर ओरिसाच्या राजाला उद्देशून द्रोहाचे पत्र लिहिले. मोहोर खरी, मजकूर खोटा. तिसऱ्या महंमदशहाने मोहोरेवर विश्वास ठेवला आणि १४८१ मध्ये गवानचा शिरच्छेद झाला.

मराठीतही कुलूपबंद ग्रंथ होते. महानुभावांनी आपले वाङ्मय सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. अक्षरांच्या जागी ठरलेली दुसरी अक्षरे वा चिन्हे योजावयाची आणि किल्ली पंथातच ठेवावयाची, अशी ती रीत. विसाव्या शतकाच्या आरंभी भावे, राजवाडे यांसारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी ते कुलूप निघाले आणि मराठी गद्याचा आरंभकाळ सर्वांसाठी खुला झाला. कागद टिकले होते, आणि किल्ली जाणणारेही हयात होते.

आता आपल्या घरांकडे वळू. पेटीच्या तळाशी वतनाचे, वाटणीचे, देण्याघेण्याचे मोडी कागद अनेकांकडे आहेत. हात न उचलता लिहिलेली ओळ, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत अंतर नाही. ही लिपी कोणी लपविण्यासाठी योजिली नव्हती. ती भरभर लिहिण्याची लिपी होती. ती गूढ झाली ती केवळ आपण शिकणे सोडल्यामुळे. परिणाम मात्र तोच : कागद आपला, आणि त्यात काय आहे हे परक्याने सांगावयाचे. वाचता न येणाऱ्याच्या हाती केवळ मोहोर उरते, आणि मोहोरेवर विसंबण्याचे फळ बिदरने पाहिले आहे.

२०१४ मध्ये मोडीला युनिकोड या जागतिक संगणकीय अक्षरसंचात स्थान मिळाले. त्यामुळे मोडी अक्षर संगणकावर उमटविता येते; आजोबांच्या हातचे वळण ओळखण्यास मात्र सरावलेला डोळा लागतो. सहल अवश्य काढावी. पण निघण्यापूर्वी प्रत्येक घराने पेटीतील एक कागद बाहेर काढावा आणि एका तरुणाला मोडी शिकावयास बसवावे. महानुभावांची किल्ली पंथाने जपली होती. आपली किल्ली आपल्याखेरीज कोणी जपणार नाही.