वळिवड्याहून युरोपकडे: एक प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या आरंभीची युरोपची मुत्सद्देगिरी आपल्या विद्यार्थ्यांपुढे बहुधा तहांची आणि तारखांची यादी होऊन येते. १९०४ चा इंग्रज-फ्रेंच समझोता, साराजेव्हो, व्हर्साय. परीक्षा संपली की यादीही विसरली जाते, आणि हा विषय आपला नव्हेच अशी समजूत मागे उरते. या समजुतीशी माझे भांडण आहे. कोल्हापूरच्या वाचकाला तर या विषयात शिरायला एक जवळची वाट आहे, आणि ती वळिवड्यावरून जाते.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायका-मुलेच जास्त होती. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. यांतली बहुतेक कुटुंबे पूर्व पोलंडची. सोव्हिएत सरकारने त्यांना घरांतून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात धाडले होते. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती इकडे आली. इथवरची हकिकत शहरात पुष्कळांना ठाऊक असते. पण युद्ध संपल्यावर ही माणसे आपापल्या गावी का परतली नाहीत, असे विचारले की १९२० सालचे दफ्तर उघडावे लागते.

त्या वर्षी जुलैत ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याने मॉस्कोला एक खलिता पाठवून पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांच्यात युद्धविरामाची एक रेषा सुचवली. परराष्ट्रमंत्री होते लॉर्ड कर्झन, आपल्याला वंगभंगामुळे माहीत असलेले तेच कर्झन. रेषेला त्यांचे नाव चिकटले, पण त्या वेळी ती कोणी मानली नाही. पुढच्या वर्षी रिगाच्या तहाने सीमा बरीच पूर्वेला नेली. १९४५ मध्ये याल्टाला मात्र थोड्याफार फरकाने तीच रेषा पोलंडची पूर्व सीमा ठरली. वळिवड्यातल्या बहुतेकांची गावे तिच्या पलीकडे गेली. काही जण नव्या पोलंडला गेले, अनेकांनी इंग्लंड आणि इतर देश गाठले. त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीमुळे सिंध सोडावे लागलेली कुटुंबे आली, आणि त्या वस्तीचे पुढे गांधीनगर झाले.

कलकत्त्याचा व्हाइसरॉय लंडनचा परराष्ट्रमंत्री झाला, याला मी योगायोग म्हणणार नाही. त्या काळातल्या ब्रिटिश परराष्ट्र धोरणाच्या मुळाशी हिंदुस्थान राखण्याची चिंता होती, आणि युरोपातले कितीतरी करार त्या चिंतेतून निघाले. १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्यांच्या याच मुक्कामात २६ जुलैचा पन्नास टक्के राखीव जागांचा आदेश निघाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच वर्षीच्या जानेवारीत ब्रिटनने जपानशी मैत्रीचा करार केला होता. १९०५ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले तेव्हा हिंदुस्थानचे संरक्षणही त्यात आले. ३१ ऑगस्ट १९०७ रोजी सेंट पीटर्सबर्गला ब्रिटन आणि रशिया यांनी इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट यांबाबत करार केला. इराणचे प्रभावक्षेत्रांत वाटप झाले, इराणला न विचारता. १९१४ चे महायुद्ध केवळ बर्लिन आणि व्हिएन्ना यांच्या चुकांतून समजून घेणारी पुस्तके मला अपुरी वाटतात ती यामुळेच.

महायुद्धातले एक उदाहरण तर मराठी माणसाने विसरूच नये. मेसोपोटेमियात टायग्रिसकाठच्या कूत गावात सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये वेढली गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अन्न संपले, सोडवणुकीचे प्रयत्न फसले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार जण तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांतले हजारो पुन्हा घरी आले नाहीत. शरणागतीनंतर अवघ्या सतराव्या दिवशी, १६ मे रोजी, लंडनमध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे आणि फ्रान्सचे राजदूत कांबों यांच्यातल्या पत्रांनी तुर्की मुलखाच्या वाटपाचा सायक्स-पिको करार पक्का झाला. बगदाद आणि बसरा त्यात ब्रिटनच्या वाट्याला लिहिले होते. ज्या जमिनीसाठी ते शिपाई उपाशी राहिले, तिचे वाटप असे गुपचूप झाले होते. नोव्हेंबर १९१७ मध्ये बोल्शेव्हिकांनी झारच्या दफ्तरातले गुप्त करार छापले, तेव्हा जगाला हे कळले. १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानतर्फे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सह्या केल्या. लोकमान्य टिळकांनी पॅरिसच्या शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना निवेदन धाडले, पण पॅरिसला जायचा परवाना त्यांना मिळाला नाही.

साधनांविषयी थोडे सांगायला हवे. १९१४ मध्ये प्रत्येक सरकारने आपली बाजू मांडणारे पुस्तक काढले: ब्रिटनचे निळे, जर्मनीचे पांढरे, रशियाचे नारिंगी, फ्रान्सचे पिवळे. सोयीचे कागद निवडून आणि गैरसोयीचे वगळून ती तयार झाली होती. युद्धानंतर जर्मनीने चाळीस खंडांत आपले दफ्तर छापले, ते व्हर्सायच्या तहातले, युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारे २३१ वे कलम खोडून काढण्याच्या जिद्दीने. ब्रिटनने गूच आणि टेम्परली यांच्या संपादनाखाली उत्तर दिले. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने स्वतःच्याच देशाकडे बोट दाखवले. २०१२ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क यांनी दोष सर्वांत वाटला. हा वाद मोलाचा आहे, पण ज्यांच्या भूमीचा आणि जिवाचा सौदा झाला त्यांना त्यात फारशी जागा मिळत नाही. ते काम आपल्याकडून व्हायला हवे.

नव्या वाचकाने पहिला कागद म्हणून २४ फेब्रुवारी १९११ चा हेगच्या लवादाचा निवाडा घ्यावा. ८ जुलै १९१० रोजी मार्सेयच्या बंदरात सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली, किनारा गाठला आणि फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून परत बोटीवर दिले, हे आपण शाळेपासून ऐकतो. पुढे कार्ल मार्क्सचे नातू जाँ लोंगे यांच्यासारख्या फ्रेंच समाजवाद्यांनी गदारोळ केला, फ्रान्सने कैदी परत मागितला आणि १९०४ पासूनच्या दोन मित्रराष्ट्रांनी प्रकरण पाच पंचांपुढे ठेवले. निवाडा येण्याआधीच मुंबईत सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या होत्या. अटकेत आणि हवाली करण्यात अनियमितता झाली हे पंचांनी मान्य केले, तरी कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असे ठरवले. निवाडा अगदी थोड्या पानांचा आहे. तो वाचताना एका कागदावर तीन गोष्टी टिपाव्यात: फ्रान्स काय मागतो, ब्रिटन काय नाकारतो, आणि ज्याच्यावरून हे चालले आहे त्याला कोठे बोलू दिले आहे का.