घरची बिअर : चुलीपासून छंदापर्यंत

इंग्लंडच्या खेड्यांत कित्येक शतके बिअर बनवणे हे पाव भाजण्यासारखेच घरकाम होते, आणि ते मुख्यतः बायकांकडे असे. जव भिजवून मोड आणायचे आणि मोड आलेले दाणे भट्टीच्या आचेवर वाळवायचे, की माल्ट तयार होई. माल्ट भरडून कढत पाण्यात घातले, की त्यातली विकरे पिष्टाची साखर करत. हे गोड पाणी म्हणजे वॉर्ट. ते निथळून घेऊन त्यात यीस्ट मिसळले, की काही दिवसांत ‘एल’ ही बिनहॉप्सची बिअर पिण्याजोगी होई. त्याच माल्टवर पुन्हा पाणी ओतून काढलेली सौम्य ‘स्मॉल बिअर’ घरातली लहानथोर सगळीच पीत. एल लवकर आंबे, म्हणून ती वरचेवर आणि बेताबेताने करावी लागे; घरापुरती ठेवून उरलेली शेजारी विकली जाई. असे काम करणाऱ्या बाईला ‘ब्रूस्टर’ म्हणत. आज तो शब्द मुख्यतः आडनावात उरला आहे.

इ.स. 1400च्या सुमारास आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमच्या प्रदेशातून इंग्लंडमध्ये हॉप्स घातलेली बिअर आली. हॉप्स या वेलीच्या फुलोऱ्याने पेयाला कडवटपणा येतो आणि ते अधिक दिवस टिकते. टिकणारा माल साठवता येतो, दूर पाठवता येतो. त्यामुळे मोठी भांडी आणि मोठे भांडवल असलेल्यांची सरशी होऊ लागली. धंदा हळूहळू बायकांच्या हातून पुरुषांच्या कारखान्यांकडे गेला. तरी मोठ्या शेतवाड्यांत आणि मजुरांच्या झोपड्यांतही घरापुरती बिअर होतच राहिली.

तिला खरा धक्का दिला तो करांनी. 1697 पासून माल्टवर कर बसला. विक्रीच्या बिअरवर वेगळा कर होता. तो घरच्या बिअरला लागत नसे आणि तेवढ्यापुरती ती स्वस्त पडे. विल्यम कॉबेटने ‘कॉटेज इकॉनॉमी’ या 1821-22 मधल्या पुस्तकात मजुरांच्या घरांतून बिअर नाहीशी होऊन तिथे चहा आल्याची तक्रार केली आणि तिचे खापर माल्ट व हॉप्सवरच्या करांवर फोडले. 1830 मध्ये विक्रीच्या बिअरवरचा कर उठला, माल्टचा मात्र कायम राहिला. घरच्या बिअरला मिळणारी सवलत अशी आपोआपच निरर्थक ठरली. 1880 मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर रद्द करून तो वॉर्टवर आणला आणि त्याच कायद्याने घरी बिअर बनवण्यासाठी परवाना आवश्यक केला. आधीच ओसरत चाललेली रीत त्यानंतर जवळजवळ संपली.

ही अट 83 वर्षे टिकली. 1963 मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती काढून टाकली. स्वतःपुरती बिअर विनापरवाना, विनाकर करता येऊ लागली, विक्रीला मात्र बंदी राहिली. पण मधल्या काळात आईकडून मुलीकडे जाणारे ज्ञान तुटले होते. नव्या पिढीने ते पुस्तकांतून आणि डब्यांतून मिळवले. पाकासारखे घट्ट माल्ट-अर्क आणि सुके यीस्ट यांचे संच दुकानांत मिळू लागले. डेव्ह लाइन यांच्या 1974च्या ‘द बिग बुक ऑफ ब्रूइंग’ने अर्काऐवजी थेट धान्यापासून बिअर करण्याची रीत सामान्य घरांपर्यंत पोचवली.

अमेरिकेत वाट निराळी होती. 1920 ते 1933च्या दारूबंदीत माल्ट-अर्क उघडपणे विकला जाई आणि त्याची बिअर घरोघरी चोरून होई. बंदी उठल्यावर कायद्याने घरच्या वाइनला मुभा दिली, बिअरला दिली नाही. ती उणीव अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर 1978 मध्ये सही केलेल्या कायद्याने भरून निघाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन बिअर करण्याची मुभा मिळाली. मात्र राज्यांचे अधिकार अबाधित राहिल्याने अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी घरच्या बिअरला 2013 मध्येच मान्यता दिली. घरी बिअर करता करता हात बसलेल्यांपैकी काहींनी पुढे छोटे कारखाने काढले. 1980 मध्ये पहिली बिअर काढणारा ‘सिएरा नेवाडा’ हा त्यांतलाच एक. त्याचे एक संस्थापक केन ग्रॉसमन त्याआधी घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालवत.

ब्रिटनमध्ये हा छंद इतिहासाकडेही वळला. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आणि वाढते कर यांमुळे तिथली बिअर बरीच सौम्य झाली होती. त्याआधीची बिअर कशी लागत असे, हे शोधायला 1971 मध्ये पश्चिम लंडनमध्ये ‘डर्डन पार्क बिअर सर्कल’ हे मंडळ निघाले. कारखान्यांच्या जुन्या वह्या वाचून सभासदांनी त्यांतली प्रमाणे घरच्या भांड्याच्या मापात बसवली.

अशा प्रयोगांत जुन्या नोंदींचा अर्थ नव्याने लागतो. अठराव्या शतकातली लंडनची ‘पोर्टर’ ही गडद बिअर मुख्यतः लाकडाच्या आचेवर भाजलेल्या तपकिरी माल्टची असे. त्या शतकाच्या अखेरीस द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर वापरात आला, तेव्हा फिकट माल्टमधून अधिक साखर निघते हे उघड झाले आणि कारखाने तिकडे वळले. रंगासाठी 1817 पासून डॅनियल व्हीलर यांच्या पेटंटचे काळे माल्ट चिमूटभर पुरू लागले. आज मिळणारे तपकिरी माल्ट इतके भाजलेले असते की त्यात विकरे उरत नाहीत. नुसते तेच वापरले तर साखर होत नाही. म्हणून जुनी पोर्टर घरी करताना त्यात फिकट माल्ट मिसळावे लागते, नाहीतर तपकिरी माल्ट स्वतःच बेताच्या आचेवर भाजावे लागते.