सिरियम-प्रेसिओडिमियम लाल रंगद्रव्य

सिरियम-प्रेसिओडिमियम लाल रंगद्रव्य हे सिरियम ऑक्साइडच्या स्फटिकात प्रेसिओडिमियमचा अल्प अंश सामावून तयार केलेले अकार्बनी रंगद्रव्य आहे. चिनी मातीची भांडी व फरश्या यांवरील झिलईला भट्टीच्या उष्णतेत टिकणारा नारिंगी-लाल ते विटकरी रंग देणे, हा त्याच्या विकासामागील हेतू आहे. दोन्ही मूलद्रव्ये विरल मृत्तिका गटातील आहेत.

पार्श्वभूमी

कोबाल्टचा निळा आणि क्रोमियमचा हिरवा रंग भट्टीत टिकून राहतात. लाल रंग मात्र नेहमीच अडचणीचा ठरला आहे. विटा, कौले आणि गेरू यांना तांबडेपणा देणारे लोहाचे ऑक्साइड वितळलेल्या झिलईत विरघळते व रंग तपकिरीकडे झुकतो. कॅडमियम, गंधक व सेलेनियम यांच्या संयुगाचा लाल रंग सर्वांत तेजस्वी असतो; परंतु उष्ण हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होते. म्हणून त्याचे कण झिरकॉनच्या स्फटिकात बंदिस्त करण्याची युक्ती योजली गेली. तरीही मूळ दोष उरतोच: कॅडमियम विषारी असून ते मूत्रपिंडात साचते. झिलई सदोष असल्यास आंबट पदार्थांत ते उतरू शकते. त्यामुळे अन्नाच्या भांड्यांतून झिरपणाऱ्या कॅडमियमवर अनेक देशांनी मर्यादा घातल्या आहेत.

रंगाचे कारण

शुद्ध सिरियम ऑक्साइड फिकट पिवळसर असते. त्यातील ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांना सिरियमच्या रिक्त ऊर्जापातळीत जाण्यासाठी जंबुपार प्रकाशाएवढी ऊर्जा लागते, म्हणून दृश्य प्रकाश बहुतांशी परावर्तित होतो. काही सिरियम अणूंच्या जागी प्रेसिओडिमियम आले, की त्याहून खालची एक रिक्त पातळी उपलब्ध होते. मग जांभळा, निळा व हिरवा प्रकाश शोषला जातो आणि नारिंगी-लाल तेवढा परत येतो. ‘प्रेसिओडिमियम’ या नावाचा मूळ अर्थ ‘हिरवा जुळा’ असा आहे, हा एक मौजेचा योगायोग होय.

रंग स्फटिकरचनेतच असल्यामुळे वेगळ्या संरक्षक कवचाची गरज राहत नाही. शिवाय सिरियम ऑक्साइडचा वितळणांक सुमारे २,४०० अंश सेल्सिअस, म्हणजे झिलईच्या भट्टीपेक्षा पुष्कळ वर आहे.

निर्मिती व संशोधन

दोन्ही ऑक्साइडे एकत्र दळून ते मिश्रण साधारणतः १,३०० ते १,५०० अंश सेल्सिअसला भाजतात व पुन्हा बारीक दळतात. प्रेसिओडिमियमचे प्रमाण अणुसंख्येच्या सुमारे ५ टक्के ठेवल्यास चांगला लाल रंग मिळतो. ते बरेच वाढवल्यास रंग गडद तपकिरी होतो.

चेक प्रजासत्ताकातील पार्दुबित्से विद्यापीठात पेट्रा शुल्त्सोव्हा व मिरोस्लाव त्रोयान यांनी तिसऱ्या विरल मृत्तिका मूलद्रव्याची भर घालून रंगछटा कशी बदलते, याचा अभ्यास केला. भारतात तिरुवनंतपुरम येथील राष्ट्रीय आंतरविद्याशाखीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत विरल मृत्तिका रंगद्रव्यांवर काम झाले आहे. केरळच्या किनारी वाळूतील मोनाझाइट या खनिजात ही दोन्ही मूलद्रव्ये आढळतात.

मर्यादा

तेजस्वितेत हे रंगद्रव्य कॅडमियमच्या लाल रंगाची बरोबरी करत नाही. त्याची छटा विटकरीच्या जवळ राहते. सिरियम तुलनेने स्वस्त आहे. प्रेसिओडिमियमला मात्र शक्तिशाली चुंबकांच्या उद्योगातूनही मागणी असल्याने ते महाग पडते.