सन वायझर लटकतोय? घरच्या घरी दुरुस्ती कशी करावी आणि कधी बदलावा

उंब्रज : चारचाकीतल्या ड्रायव्हरच्या डोक्यावरची उन्हाची झडप, म्हणजे सन वायझर, हा गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. इंजिनमधून जरा आवाज आला की माणूस गॅरेज गाठतो. वायझर लटकायला लागला तर मात्र रबरबँड लावतो, सुतळीनं बांधतो किंवा एका हातानं वर ढकलत गाडी चालवतो. ही दुरुस्ती खरं तर अर्ध्या-पाऊण तासाची आहे आणि बहुतेक वेळा घरच्या स्क्रूड्रायव्हरनं होते. फक्त नेमकं काय बिघडलंय ते आधी बघावं लागतं.

उंब्रज परिसरात या झडपेचं काम जरा जास्तच पडतं. सकाळी मसूरकडे निघालं की सूर्य सरळ समोर, संध्याकाळी चाफळकडे निघालं तरी तेच. थंडीत सूर्य आग्नेयेला उगवतो आणि उंब्रज-कराड महामार्गही त्याच अंगाला झुकलेला आहे. त्यामुळे सकाळी कराडला जाताना ऊन काचेच्या डाव्या अंगानं डोळ्यात येतं. संध्याकाळी साताऱ्याहून परतताना ते उजव्या खिडकीतून, थेट ड्रायव्हरच्या कानशिलावर येतं. म्हणजे वायझर नुसता खाली येऊन भागत नाही, तो खिडकीकडे वळून तिथंच थांबलाही पाहिजे.

नेमका हाच ऊस वाहतुकीचाही काळ. यशवंतनगरच्या सह्याद्री कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या संथ चाललेल्या असतात. महामार्गावर शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या कामात वळणरस्ते आणि बॅरिकेड आहेत ते वेगळंच. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात साधारण १६ ते १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळे दिपले तर ५० मीटर रस्ता न बघता गेला. पुढं उसाची ट्रॉली असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

वायझर आतून कसा असतो

वरून रेक्झिन किंवा कापड, आत प्लास्टिकचं कवच, फोम किंवा पुठ्ठ्याची फळी आणि कडेला तार, एवढाच संसार. कोपऱ्यात छताला बसवलेलं बूड असतं, त्यातून एक वाकडी दांडी निघते आणि वायझर त्या दांडीवर फिरतो. दुसरं टोक आरशाजवळच्या हुकात अडकतं. दांडीला आतून पोलादी पट्टीचा चाप घट्ट धरून असतो. दांडीची एक बाजू बहुधा सपाट असते. ती सपाट बाजू चापात बसली की वायझर 'टक्' करून वर चिकटतो. चाप सैल झाला किंवा त्याच्याभोवतीचं प्लास्टिक तडकलं की वायझर आपोआप खाली येतो.

बिघडतो तो तीन-चार कारणांनी. गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली की प्लास्टिक ठिसूळ होतं. आरशाजवळचा हूक न सोडताच वायझर खिडकीकडे ओढला की हूक नाहीतर दांडी जाते. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्यात खोचलेला कागदपत्रांचा भारा. पीयूसी, विमा, सोसायटीची पावती, काटा पावती, सातबाराचा उतारा, पेन, गॉगल, वर देवाचा फोटो. एवढं वजन त्या चापानं किती दिवस धरायचं?

आधी तपासणी

इंजिन बंद करावं, दार उघडं ठेवावं आणि कोपऱ्यातलं बूड हातानं हलवून बघावं. बूडच हलत असेल तर स्क्रू सैल आहेत, हे सगळ्यात सोपं काम. बूड घट्ट आहे पण फळी दांडीवर गरगर फिरते, तर दोष चापाचा. फक्त आरशाकडचं टोक खाली पडतंय, तर हूक तुटलाय. वायझर समोर नीट राहतो पण खिडकीकडे वळवला की दांडीसकट लोंबतो, तर बुडातला सांधा झिजलाय. हा सांधा घरी दुरुस्त होत नाही. बऱ्याच गाड्यांत बूड, दांडी आणि फळी मिळून एकच नग येतो, तो बदलावा लागतो.

स्क्रू सैल असतील तर

बुडावर बहुधा प्लास्टिकचं छोटं टोपण असतं, स्क्रू त्याच्याखाली दडलेले असतात. चपट्या स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून टोपण अलगद उचकटावं. स्क्रू दोन किंवा तीन असतात. बहुतेक साध्या चौफुलीचे, ज्याला आपल्याकडं 'स्टार' म्हणतात, पण काही गाड्यांना सहा टोकांच्या चांदणीसारखं तोंड असतं. त्याला तसलंच बिट लागतं, दुसरं काही घालून फिरवलं की तोंड गोल होतं आणि मग स्क्रू काढणं मुश्कील.

भोक मोठं झाल्यामुळे स्क्रू नुसताच फिरत असेल तर त्याच लांबीचा, किंचित जाड स्क्रू घालावा. लांब स्क्रू कधीच घालू नये. छताच्या कापडामागं वायरी असतात, काही गाड्यांत बाजूच्या पडदा एअरबॅगची गुंडाळीही तिथूनच गेलेली असते, आणि वर छताचा पत्राही फार लांब नसतो. पुढच्या खांबाच्या कव्हरवर 'एसआरएस' किंवा 'एअरबॅग' लिहिलेलं असेल तर ते कव्हर ओढू नये. वायझरच्या कामाला ते काढायची सहसा गरज पडत नाही.

चाप सैल असेल तर

हेच खरं वेळ खाणारं काम. हूक सोडून, स्क्रू काढून वायझर बुडासकट खाली घ्यावा. वायझरच्या आरशाला दिवा असेल तर मागं वायर असते. अशा गाडीत आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढावं, चार-पाच मिनिटं थांबावं आणि मग वायर न ओढता सॉकेटची खिट्टी दाबून ते सुटं करावं.

टेबलावर किंवा ओट्यावर फडकं पसरून त्यावर वायझर ठेवावा. दांडी जिथं आत शिरते तिथं वरच्या कडेची शिवण किंवा जोड चार-पाच इंच धारदार पात्यानं उघडावी, दर्शनी बाजूला पातं लावू नये. आत पोलादी चाप दिसेल. चाप शाबूत असून नुसता फाकलेला असेल तर लांब तोंडाच्या पक्कडीनं थोडा थोडा दाबावा आणि दर वेळी दांडी फिरवून बघावी. एकदम आवळला तर चाप तुटतो, नाहीतर वायझर इतका जड होतो की खाली ओढताना फळीच वाकते.

चापाभोवतीचं प्लास्टिक तडकलं असेल तर तडा खरवडून, पुसून दोन नळ्यांचा अरल्डाइटसारखा गोंद लावावा आणि रात्रभर दाबून ठेवावा. गोंदाचा थेंबही दांडीला लागता कामा नये, लागला तर वायझर पुन्हा फिरणार नाही. काही प्लास्टिकला मात्र कुठलाच गोंद धरत नाही. तिथं तड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून पातळ झिप टायनं आवळलं तरी चालतं, वरून कापड आलं की दिसत नाही. शेवटी उघडलेली कड जाड दोऱ्यानं शिवावी किंवा रेक्झिनच्या गोंदानं चिकटवावी.

दांडीला तेल किंवा ग्रीस लावायचा मोह होतो. तो टाळावा. वायझर घर्षणावरच थांबतो, तेल लागलं की उरलीसुरली पकडही जाते. कुणी आधीच लावलं असेल तर स्पिरिटनं पुसून काढावं. हे काम गाडीत पेट्रोलनं करू नये.

शिवण उघडायची नसेल त्यांच्यासाठी तात्पुरता इलाज आहे. वायझर दांडीवरून सरकून निघत असेल तर दांडीवर सायकलच्या ट्यूबची पातळ पट्टी गुंडाळून तो परत सरकवायचा. पकड येते, पण उन्हाळ्यात रबर चिकट होतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी, गरम केल्यावर आवळणारी वायरची नळी जास्त टिकते. दुसरा उपाय व्हेल्क्रो पट्टीचा, एक तुकडा वायझरला, एक छताच्या कापडाला. त्यानं वायझर वर राहतो, पण खाली घेतल्यावर सैल तो सैलच. आणि सुतळीनं बांधलेला वायझर तर असून नसल्यासारखा.

हूक तुटला असेल तर

दोन मिनिटांचं काम आहे. हूक एका स्क्रूवर असतो, काही गाड्यांत पाव फेरा फिरवून निघतो. स्पेअर पार्टच्या दुकानात सुटा मिळतो. जुना हूक सोबत न्यावा.

पूर्ण बदलायचा झाल्यास

डावा आणि उजवा वायझर वेगळा असतो, उलटसुलट बसत नाही. दुकानात जाताना जुना वायझर काढून सोबत न्यावा आणि दांडीचं वळण, स्क्रूची भोकं, वायरचं सॉकेट आणि रंग ताडून घ्यावा. नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही, एकाच नावाच्या गाडीत साल बदललं की बूड बदललेलं असतं. भंगारातला घेणार असाल तर तिथंच दांडी धरून फळी आडवी करावी. ती हात सोडल्यावर जागेवर राहिली तरच घ्यावा, नाहीतर जुनंच दुखणं पैसे देऊन विकत घेतल्यासारखं होतं.

आणखी एक गोष्ट बघावी, ती म्हणजे एअरबॅगच्या इशाऱ्याचं लेबल. आपल्याकडं नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची नव्या मॉडेलना एप्रिल २०२१ पासून. मागं तोंड असलेली लहान मुलाची सीट पुढं बसवू नका, हा इशारा बहुधा वायझरवरच छापलेला असतो. नव्या नगावर तो असावा. एअरबॅग फुगते तेव्हा वायझरला अडकवलेलं धातूचं सामान किंवा काचेची फ्रेम थेट तोंडावर येऊ शकते. म्हणून जोड म्हणून लाकडी पट्टी किंवा पत्रा ठोकू नये.

बसवण्याआधी हात धुवावेत. उसाच्या फडातून आलेला हात छताच्या कापडाला लागला की तो डाग निघत नाही. सगळे स्क्रू आधी हातानं दोन-तीन आटे धरवावेत, मग आळीपाळीनं आवळावेत. वायझर खाली, बाजूला आणि परत वर करून बघावा. काचेला किंवा आतल्या आरशाला घासायला नको. बॅटरी काढली असेल तर घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावा लागेल.

काळी फिल्म हा उपाय नाही

वायझर गेला म्हणून काही जण काचेला काळी फिल्म मारतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बंदी घातली, आणि दंड भरूनही रात्रीचं दिसायचं नाही ते नाहीच. त्यापेक्षा पुढची काच आतून पुसावी. आतल्या बाजूला धूळ आणि वाफेचा पातळ थर बसलेला असतो, समोरून ऊन आलं की तोच पांढरा होऊन चमकतो. चांगल्या वायझरचंही अर्धं काम त्यामुळं वाया जातं.

गाडी वॉरंटीत असेल तर शिवण उघडण्याआधी शोरूमला दाखवावी, एकदा पातं लागलं की ते बदलून देतीलच असं नाही. जुना वायझर काढल्यावर लगेच भंगारात टाकू नये. त्याचे स्क्रू, टोपण आणि हूक काढून डबीत ठेवावेत, दुसऱ्या बाजूचा वायझरही त्याच वयाचा असतो.