ऑफ-सीझनमधलं नील बेट आणि आपल्या चांद्याचा बंगाली कॅम्प

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, की जुलैमध्ये अंदमानला कोण जातं? तर मी गेलो. कारण सरळ आहे. विमानाचं तिकीट आणि खोलीचं भाडं सीझनपेक्षा बरंच कमी होतं, आणि ऑफिसमध्ये रिलीज संपल्यामुळे आठ दिवस सुट्टी मिळत होती. आई म्हणाली, "पावसात समुद्रात काहून जातं रे?" तिचंही बरोबर होतं. नैऋत्य मान्सून केरळच्याही आधी, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास अंदमानात पोचतो. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, स्कूबा वगैरे बंद. फोटोत दिसतो तो निळा-हिरवा समुद्र जुलैमध्ये करडा असतो.

पण हा भाग प्रवासवर्णनाचा नाही. बल्लारशावरून रात्रभर चेन्नईची गाडी, तिथून दोन-सव्वादोन तासांचं विमान आणि मग बोट, एवढंच प्रवासाबद्दल. मला बोलायचंय ते तिथे सापडलेल्या एका इतिहासाबद्दल. तो अर्धा तिकडे आहे आणि अर्धा आपल्या जिल्ह्यात, बल्लारपूरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर.

मराठी माणसाचं अंदमान म्हणजे सेल्युलर जेल. १९११ ते १९२१ सावरकर तिथे होते, विमानतळालाही त्यांचंच नाव आहे. बहुतेक टूर तिथून सुरू होते, मग हॅवलॉक, मग नील, मग परत. हॅवलॉक आणि नील ही नावं कुठून आली? दोघेही १८५७चा उठाव चिरडणारे ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूचे लष्करी अधिकारी. हेन्री हॅवलॉकने कानपूर परत घेतलं. जेम्स नील अलाहाबाद आणि कानपूरला लोकांना फासावर लटकवण्यासाठी कुप्रसिद्ध होता, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लखनौत मारला गेला. आजूबाजूच्या बेटांची नावं बघा: आउट्रम, निकोल्सन, हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स. एका अख्ख्या द्वीपसमूहावर सत्तावनच्या इंग्रज बाजूची हजेरी लावून ठेवलीय. आपल्या चांद्यात २१ ऑक्टोबर १८५८ला बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली, हे शाळेत ऐकलेलं असतं. त्याच लढाईतल्या समोरच्या पक्षाच्या नावाच्या बेटावर आपण नारळपाणी पीत बसतो.

३० डिसेंबर २०१८ला ही नावं बदलली. हॅवलॉक झालं स्वराज द्वीप, नील झालं शहीद द्वीप. १९४३ मध्ये त्याच तारखेला सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता, म्हणून ती तारीख. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. बोलण्यात मात्र सगळे अजून नीलच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आता खरी गोष्ट. नील हे इवलंसं बेट, भाड्याच्या सायकलवर एका दिवसात सगळं बघून होतं. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास. गावांची नावं ऐका: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर आणि मधलं नील केंद्र. शेजारच्या हॅवलॉकवर गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. म्हणजे एक बेट रामायणाचं, एक कृष्णाचं. कोण्या जुन्या तीर्थक्षेत्राची ही नावं नाहीत. सरकारी योजनेत वसवलेल्या वसाहतींना दिलेली नावं आहेत ही, आणि वस्ती उभी राहिली ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. हॅवलॉकवर १९५०च्या दशकात, नीलवर १९६०च्या दशकात.

तिथे ओहोटीला एक प्रवाळ-खडकाची नैसर्गिक कमान दिसते. पर्यटक फोटो काढतात, गाईड तिला 'हावडा ब्रिज' म्हणतो. आधी मला वाटलं टूरिस्टांसाठी केलेला विनोद असेल. मग लक्षात आलं, की ज्यांना कोलकात्यात राहू दिलं नाही त्यांनी समुद्रातल्या खडकाला कोलकात्याच्या पुलाचं नाव दिलंय.

राहू दिलं नाही म्हणजे काय, ते सांगतो. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून लोक एकदम नाही आले, लाटांनी येत राहिले. पहिल्या लाटेत बरेचसे शिकलेले, वरच्या जातींतले, ज्यांचे कोलकात्यात नातेवाईक किंवा नोकऱ्या होत्या. त्यांनी शहराभोवती जागा धरून स्वतःच्या कॉलन्या उभ्या केल्या. १९५०च्या दंगलींनंतर आले ते मोठ्या संख्येने नमःशूद्र शेतकरी, दलित समाजातले. त्यांचे नेते जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री होते. त्यांनीच १९५० मध्ये राजीनामा दिला आणि भारतात आले, यावरून परिस्थिती काय होती ते समजा. पुन्हा १९६४च्या दंगलींनंतर आणखी एक मोठी लाट. या लोकांकडे कोलकात्यात ना ओळख, ना जागा. त्यांच्यासाठी होते कॅम्प, आणि कॅम्पनंतर सरकार पाठवील तिथे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लोड बॅलन्सिंग म्हणू. एका सर्व्हरवर ताण आला की काम दुसऱ्या रिकाम्या सर्व्हरवर ढकलायचं. पश्चिम बंगालवर ताण आला, तर माणसं ढकला 'रिकाम्या' जागी. नकाशावर रिकाम्या दिसणाऱ्या जागा म्हणजे अंदमानची बेटं आणि मध्य भारतातली जंगलं. १९४९ पासून अंदमानला जहाजं निघाली. मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय या योजनेच्या बाजूने होते, कम्युनिस्ट पक्षाचा विरोध होता. 'काळ्या पाण्यावर' पाठवताय म्हणून कोलकात्यात निदर्शनं झाली. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प आला, ओडिशातले कोरापूट-कालाहांडी आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातलं बस्तर धरून. आणि १९६०च्या दशकात आपल्या चांदा जिल्ह्यातही निर्वासितांची गावं वसवली गेली. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला तेव्हा त्यातली बरीच गावं तिकडे गेली. मुलचेरा, चामोर्शी या भागात आजही रस्त्यावर बंगाली ऐकू येते. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही नावं ऐकूनच कळतं की ती गोंडी किंवा मराठी वळणाची नाहीत.

आणि चंद्रपूर शहरातला बंगाली कॅम्प! आपण लहानपणापासून 'बंगाली कॅम्पला उतरायचं' म्हणतो, ऑटोवाल्याला सांगतो, तिथला मासळीबाजार माहीत असतो. पण कॅम्प हा शब्द तिथे कसा आला, हे मी तरी कॉलेज संपेपर्यंत कुणाला विचारलं नव्हतं. कसला कॅम्प? एनसीसीचा?

आता रिकाम्या जागेबद्दल. ती रिकामी नव्हतीच. दक्षिण अंदमानच्या जंगलात जारवा होते, आहेत. वसाहती वाढल्या तशी त्यांची जमीन आक्रसली. १९५७ मध्ये त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र जाहीर झालं, पुढे त्यातूनच ट्रंक रोड गेला. जंगल तोडायला इंग्रजांनी १९१८ पासून छोटा नागपूरहून आदिवासी मजूर आणले होते. त्यांना तिथे अजून 'रांचीवाले' म्हणतात. स्वातंत्र्यानंतर निर्वासितांसाठी जमीन मोकळी करण्यातही त्यांचे हात होते. पण जमीन मिळाली निर्वासितांना, आणि तोडणारे बहुतेक मजूरच राहिले. आपल्याकडे माडिया आणि गोंड होते, आहेत. म्हणजे एका उखडलेल्या माणसाला वसवायचं दुसऱ्याच्या अंगणात, आणि दोघांनाही विचारायचं नाही. या बाबतीत मला निर्वासितांचा राग येत नाही. फाईलवर 'रिकामी जमीन' लिहिणाऱ्याचा येतो.

नीलवर मी ज्या घरगुती होमस्टेमध्ये राहिलो, तिथले मालक साठीतले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. सीझनमध्ये ते पाहुण्यांच्या मागे असतात, बोलायला वेळ नसतो. जुलैमध्ये मी एकटा पाहुणा, आणि दुसऱ्या दिवशी बोट रद्द झाली. दादा बांधीत रोवणीला निघाले, मी मागे मागे. हो, रोवणी! समुद्र दोन शेतांपलीकडे आणि गुडघाभर चिखलात बाया पऱ्हे लावतायत, अगदी मूल-सिंदेवाहीकडे लावतात तसे. नीलला अंदमानचं भाजीचं कोठार म्हणतात, पण भाजीपाला मुख्यतः भात निघाल्यावरचा, कोरड्या महिन्यांतला. पावसाळ्यात बेट भाताचं असतं. डिसेंबरमध्ये येणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला टरबूज दिसतं.

दादांनी विचारलं, कुठून आलात? बल्लारशा म्हटलं. बंगालहून चेन्नईला समुद्रकाठच्या मार्गाने जाणाऱ्यांना बल्लारशा लागत नाही, त्यामुळे चेहरा कोरा. चंद्रपूर म्हटल्यावर मात्र ते थांबले. "चंद्रपूर? महाराष्ट्र में? उधर तो हमारे चाचा को भेजा था।"

मग जे कळलं ते असं. त्यांचे वडील आणि काका, दोघे भाऊ, पण वेगवेगळ्या वर्षी सीमा ओलांडून आले. वडिलांचं नाव अंदमानच्या यादीत लागलं. काका १९६४ नंतर आले, ते गेले मानाला. 'माना' हा शब्द ऐकून मी चमकलो, कारण तो मी आधी ऐकला होता. रायपूरजवळचा माना कॅम्प, निर्वासितांचा प्रचंड मोठा तळ. माझ्या एका कॉलेजमित्राची आजी बंगाली कॅम्पात राहायची, ती कुठलीही जुनी गोष्ट 'मानाला असताना' अशी सुरू करायची. आम्हाला वाटायचं म्हातारी 'मान' दुखते म्हणतेय. दादांच्या काकांची दोन-तीन पत्रं आली, त्यात चांदा जिल्हा लिहिलेलं होतं, पुढे पत्रं थांबली. गावाचं नाव दादांना आठवत नव्हतं.

मी विचारलं, वडील कधी म्हणाले का की इथे आल्याचं वाईट वाटतं? दादा म्हणाले, वडिलांना पहिली काही वर्षं जहाज दिसलं की रडू यायचं. पण मरिचझापीची बातमी आली तेव्हा म्हणाले, आपण बरे.

मरिचझापी ऐकलं नसेल तर थोडक्यात. १९७८ मध्ये दंडकारण्यातले हजारो निर्वासित तिथल्या हालाला कंटाळून पश्चिम बंगालकडे निघाले. एकेकाळी 'यांना इथेच वसवा' म्हणणारे डावे आता सत्तेत होते, म्हणून आशा होती. त्यातले अनेक जण सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर गेले, झोपड्या, शाळा, दवाखाना उभा केला. सरकार म्हणालं, हे राखीव जंगल आहे. जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी झाली, अन्न-पाणी अडवलं, गोळीबार झाला, मे महिन्यात बेट रिकामं केलं. किती माणसं मेली यावर आजही वाद आहे. सरकारी आकडा आणि वाचलेल्यांची सांगणी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ज्या बेटावर त्यांना स्वतःहून जायचं होतं तिथून हाकललं, आणि ज्या बेटावर जायचं नव्हतं तिथे पाठवलं होतं.

आता आजची गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. यादी राज्यवार असते, त्यामुळे तोच माणूस, तीच जात, तोच इतिहास, पण गाडीतून गोंदियाच्या अलीकडे उतरला की दाखला संपला. गडचिरोली-चंद्रपूरच्या बंगाली समाजाची ही मागणी जुनी आहे, आणि मुलांना बंगाली शिकवण्याचीही. अंदमानात तर अनुसूचित जातींची यादीच नाही. पण तिथे एक फरक पडला: २०११च्या आकड्यांनुसार बेटांवर जवळपास २८ टक्के लोकांची मातृभाषा बंगाली आहे, सगळ्यात मोठा भाषिक गट. संख्या असली की दुकानाच्या पाट्यांपासून निवडणुकीपर्यंत सगळं बदलतं. आपल्याकडे ते काही तालुक्यांत विखुरलेले. पन्नास-साठ वर्षं झाली, तरी "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न सुटत नाही. तिसऱ्या पिढीतल्या, झाडीबोली फाडफाड बोलणाऱ्या पोरालाही नाही.

काही जण म्हणतील, जमीन मिळाली ना, मग काय? मिळाली. त्यांनी ती पिकवलीही. मुलचेऱ्याकडची भातशेती, शेततळ्यातले मासे, भाजी बघून या. पण एका घरातल्या दोन भावांपैकी एकाला समुद्र आणि एकाला जंगल मिळावं, हे कुणाच्या तरी यादीतल्या अनुक्रमांकावर ठरलं, आणि त्या यादीचा हिशोब त्यांची नातवंडं अजून चुकवतायत.

परत आल्यावर ऑगस्टमध्ये मी मित्राला घेऊन मुलचेऱ्याकडे गेलो. दादांच्या काकांचं नाव सांगून चार ठिकाणी विचारलं. त्या नावाची दोन घरं निघाली, दोघंही म्हातारे वारलेले, दोन्ही घरांत माना कॅम्पच्या आठवणी, पण अंदमानातल्या भावाची नक्की आठवण कुणालाच नाही. एका घरातल्या काकूंनी मात्र माझ्या फोनवर बंगालीत दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून दिला, मी तो दादांना पाठवला. नीलवर नेटवर्क धड नसतं, त्यामुळे दोन दिवस एकच टिक. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांनाही आवाजावरून काही सांगता येत नव्हतं. विचारत होते, तिकडे पाऊस कसा आहे, रोवणी झाली का.