शिकारीच्या हलक्या गाडीची गोष्ट : छकडा, जीप आणि तीनचाकी



माळावर, ओढ्याच्या काठाने, झुडपांतून चालेल अशी हलकी गाडी कोणती घ्यावी, हा प्रश्न आजचा वाटतो. परदेशात फुगीर टायरची, फटफटीसारखे हँडल असलेली छोटी गाडी शेतकरीही वापरतात आणि शिकारीही. आपल्याकडे ती मौजेच्या ठिकाणी दिसू लागली आहे. पण शिकारीसाठी हलकी गाडी निवडण्याचा विचार आपल्या मुलखात फार जुना आहे. आणि त्या कामी जी गाडी निवडली गेली, ती राजवाड्यातली नव्हती. ती तुमच्या-आमच्या आजोबांची बैलगाडी होती. ती कशी, ते बघा.

चित्ता बैलगाडीत का बसला?

पूर्वी राजेलोक पाळलेल्या चित्त्याकडून काळविटाची शिकार करवीत. अकबर बादशहाकडे हजार चित्ते होते, असे त्याच्या मुलाने, जहांगीराने लिहून ठेवले आहे. पुढे बडोद्याचे गायकवाड, कोल्हापूरचे छत्रपती, भावनगरचे राजे यांनी हा शौक चालू ठेवला. १८७५ साली इंग्लंडचा युवराज बडोद्यास आला, तेव्हा त्यालाही चित्त्याची शिकार दाखवण्यात आली. कोल्हापुरात चित्ते सांभाळणाऱ्या माणसांना चित्तेवान म्हणत. आपल्याकडचे चित्ते कमी झाले तेव्हा संस्थानिकांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले.

चित्ता धावण्यात सर्वांत वेगवान खरा, पण त्याचा दम थोडा. काही शे पावलांत हरीण हाती लागले नाही, तर तो धाव सोडून देतो. म्हणून त्याला काळविटाच्या अगदी जवळ नेऊन सोडावे लागे. घोड्यावरून जावे तर कळप उधळतो. पायी माणूस दिसला तरी कान टवकारतो. मग काय करायचे?

तोड साधी निघाली. काळवीट माळावर आणि शेताकडेला चरणारे जनावर. नांगर, कुळव, बैल आणि गाडी ही त्याच्या रोजच्या नजरेतली. शेतकरी गाडी घेऊन जवळून गेला तरी ते मान वर करून बघते आणि पुन्हा चरू लागते. म्हणून चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीवर बसवीत. गाडी बुटकी, हलकी, उंच कठडे नसलेली असे. गाडीवान कळपाच्या अंगावर सरळ जात नसे. तिरप्या वाटेने, फेर धरत, रोजच्या चालीने तो हळूहळू अंतर तोडी. शे-दीडशे पावलांवर आले की टोपी काढायची आणि चित्ता सोडायचा.

म्हणजे गाडी निवडताना वेग बघितला गेला नाही. हलकेपणा, ठेंगणेपणा, खाचखळग्यांतून चालण्याची ताकद आणि जनावर न बुजणे, एवढेच बघितले. यात एक बोचणारी गोष्ट आहे. काळविटाचा जो विश्वास होता तो शेतकऱ्यावर होता, आणि त्या विश्वासाच्या आडून त्याची शिकार झाली.

जीप आली आणि माळ ओस पडले

आपला बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच सुमारास देशात नवी गाडी पसरू लागली. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत तयार झालेली जीप. वजन साधारण एक टन, चारही चाकांना इंजिनाची ओढ, रस्ता नसला तरी अडत नाही. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीपा बाजारात आल्या आणि पुढे मुंबईत जीपची जुळणीही होऊ लागली.

खेडोपाडी डॉक्टर, पाटबंधाऱ्याचे साहेब, शेतीखात्याची माणसे पोचली ती या गाडीमुळे, हे विसरून चालणार नाही. पण बंदूकवाल्यांच्या हाती तीच गाडी काळ ठरली. बैलगाडीतून दिवसभरात एक-दोन काळविटे पडत. जीपमधून रात्री प्रखर दिवा टाकला की जनावर दिपून जागीच उभे राहते. मग नेम धरायलाही कसब लागत नाही. उघड्या माळावर लपायला जागा नाही, त्यामुळे काळवीट आणि माळढोक दोघांचेही हाल झाले. कळपच्या कळप नाहीसे झाले.

चित्त्याचे तर नावच पुसले गेले. आज छत्तीसगडात असलेल्या कोरिया संस्थानच्या राजाने १९४७ साली रात्री मोटारीतून फिरताना तीन चित्ते मारले. आपल्या देशातले रानातले शेवटचे चित्ते म्हणून त्यांची नोंद आहे. १९५२ साली चित्ता भारतातून संपल्याचे जाहीर झाले. पुढे सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या रानात सोडले गेले. घालवायला एक रात्र पुरली, परत आणायला सात दशके गेली.

कायद्याने गाडीलाच हात घातला

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यावेळी परवान्याने काही शिकार चालू होती, तरी चाकाच्या वाहनातून शिकार करण्यास मूळ कायद्यातच मनाई घातली होती. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद झाली. माळावरच्या जनावरांसाठी आपल्या शेजारी जागा राखल्या गेल्या. सोलापूरकडे नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली, कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली आणि आपल्याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली झाले.

काळवीट आज कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. शिवाय, गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन सरकारजमा करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. तेव्हा पाहुणा म्हणून आलेल्या कुणी "रात्री जरा जीप द्या" म्हटले, तर आधी हे आठवा. मांस त्याच्या घरी जाईल आणि कर्जाने घेतलेली तुमची गाडी ठाण्याच्या आवारात गंजत उभी राहील.

तीनचाकीने शिकवलेला धडा

आता परदेशातल्या छोट्या गाडीकडे वळू. १९७० साली होंडा कंपनीने अमेरिकेत तीन चाकांची, फुग्यासारख्या टायरची गाडी विकायला काढली. टायर रुंद आणि आत हवा थोडी, म्हणून वजन जमिनीवर पसरते आणि चाक वाळूत, चिखलात रुतत नाही. आपल्या गाडीचे लोखंडी धावेचे अरुंद चाक पावसाळ्यात काळ्या रानात कसे कापत जाते आणि टायरची गाडी कशी तरते, ते तुम्ही पाहिलेच आहे. तत्त्व तेच.

शेतकरी आणि शिकारी यांनी ही गाडी उचलून धरली. पण पुढे एकच चाक, बैठक उंच आणि मागची दोन्ही चाके एकाच आसावर जखडलेली. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावे लागते, ते इथे जमत नाही. वळणावर, उतारावर गाडी उलटू लागली. माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती. अखेर १९८८ साली न्यायालयाने मान्य केलेल्या करारान्वये कंपन्यांनी अमेरिकेत नव्या तीनचाक्या विकणे थांबवले. चारचाकी तेवढ्या राहिल्या. त्याही आडव्या उतारावर उलटतात, हे ध्यानात असू द्या.

आपण काय घ्यावे?

नांदूरघाटच्या आसपास बालाघाटाचे मुरमाड उतार आहेत आणि काळी रानेही आहेत. इथे गाडी घ्यायची ती शिकारीसाठी नव्हे, कामासाठी. छोटा ट्रॅक्टर असो, पॉवर टिलर असो की फुगीर टायरची गाडी, पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. चाकांमधले अंतर रुंद आणि बैठक बुटकी असावी. उंच गाडी बांधावर घात करते.

२. टायर जमिनीप्रमाणे निवडावा. काळ्या रानात रुंद टायर बरा.

३. उतारावर आडवे जाऊ नये. सरळ चढावे, सरळ उतरावे. पोरांच्या हाती गाडी देऊ नये.

४. रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी होते का, हे पैसे मोजण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे.

५. हरणांनी पीक खाल्ले तर राग येणारच. तरी गाडी घालून पाठलाग करू नये. कायद्याने तीही शिकारच. नुकसान दिसताच, तीन दिवसांच्या आत, वन विभागाकडे अर्ज द्यावा आणि पंचनामा करून घ्यावा.

काळविटाने आपल्या गाडीवर एके काळी विश्वास ठेवला होता. माळावर आज जे थोडे कळप उरले आहेत, ते आपल्या नांगराजवळून अजूनही निवांत चरत जातात. तेवढा विश्वास आपल्या हातून मोडू नये.